राखेची ऊब

“दूरथीनच टाक व माय, जवळ नको येऊ!”

भागाबाईच्या कानात हा आवाज लहानपणापासून आहे. पारोळ्याकडच्या तिच्या गावी शिवेवरच्या निंबाखाली एक महारोगी यायचा. चिंध्यांत गुंडाळलेले हात पुढे करायचा आणि भाकरी घेऊन आलेल्या पोरीलाच आधी सावध करायचा. भाकरी मातीत पडायची. तो फुंकर मारून उचलायचा.

पुढे भागाबाई धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स झाली. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात ड्यूटीवर जाण्याआधी ती मलमपट्टीची पिशवी घेऊन बसस्टँडमागच्या पडक्या शेडात जायची. घरदार नसलेली माणसं तिथं राहायची. दवाखान्यात पहिला सवाल ‘राहता कुठं?’ म्हणून ती तिकडं फिरकतच नसत. मग दवाखानाच त्यांच्याकडं चालत यायचा.

अभिमन तिचा रोजचा. पन्नाशीचा, जन्मभर हमाली केलेला. त्याच्या तळव्याची जखम भरत आली की पुन्हा भाजल्यासारखी फुगायची. हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“भाऊ, हे भाजतं तरी कुठं?”

“चहा सांडना व्हई.”

“रोज तळव्यालाच पाजता का चहा?”

तो नजर चुकवायचा. पण कापूस लागला की ओरडायचा मात्र असा, की स्टँडवरची माणसं वळून बघत.

त्या सकाळी तो एस.टी.कडं बघत बसला होता. भागाबाईनं अर्धी जखम पुसून काढली तरी हूं नाही की चूं नाही. मग त्याची नजर खाली गेली, कापूस दिसला, आणि—

“आय व माय! मरी गऊ व बाई!”

शेडाची कारभारीण म्हणजे म्हातारी सुंदरबाई. केस विंचरता विंचरता ती खदखदून हसली. “तुनी आरोळी म्हंजे भुसावळनी पॅसेंजर शे रे भाऊ! गाडी निंघी गई, मंग शिटी!”

सगळे हसले. अभिमन हसला नाही.

भागाबाईचा हात थबकला. त्याच्या दंडावरचा फिकट चट्टा तिनं मागेच पाहिला होता. शिवेवरच्या निंबाखालचा रोग तिच्या जिभेवर आला आणि तिनं तो गिळला. हे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस अंथरूण गुंडाळून चालता होतो. तो जिथं जातो तिथं कुणाची पिशवी पोचत नाही.

तिनं घमेल्यात कोमट पाणी ओतलं, त्याचे दोन्ही पाय त्यात ठेवले, आणि लेकराला न्हाऊ घालावं तशी उघड्या हातांनी चोळू लागली.

“नव्या गोळ्या आल्यात, भाऊ,” ती पाण्याकडं बघत म्हणाली. “ज्याला ऊन-गार कळत नाही, त्याच्यासाठी. माणूस बरा होतो, कुठं जावं लागत नाही. पण सांगायचं त्यानंच. मी त्याच्या तोंडचं नाही बोलणार.”

अभिमननं सुंदरबाईकडं पाहिलं. त्याचं अंथरूण तिच्या अंथरुणाशेजारी होतं. अर्धी भाकरी तिच्याच हातची होती. ही जागा गेली तर असल्या पायांनी जायचं कुठं?

सुंदरबाईनं फणी खाली ठेवली. “मन्हाकडे काय दखस?”

शेडामागं खानावळवाला रोज सांजेला कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायचा. मागं राहिलेल्या राखेभोवती सगळे शेकत निजायचे.

“तू त्या राखमा पाय खुपशीसन निजस,” म्हातारी म्हणाली. “कातडं जळाना वास येस, तरी तू घोरसच. मी उठीसन पाय भाईर काढस. मी काय आंधळी शे?”

“तुले... ठावकं व्हतं?”

“आठे बठ्ठा लोकसले ठावकं शे. मंग हाकलं का तुले कोनी? तूच एकला लपाडी राहिना. नि वरतून आरोळ्या ठोकस, मुडदा!”

घमेल्यातलं पाणी हललं आणि स्थिरावलं. अभिमननं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं भागाबाईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “माले काहीच समजत नही. पाय मन्हा शे, हाई दखीसनच समजस.”