उपाशी जीभ

बिस्किटांच्या कारखान्यात मी चव घेते. चावायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि कागदावर खूण करायची. माझ्यासारख्या खादाड बाईला ही नोकरी म्हणजे बोक्याला दुधाची राखण, असं ताई म्हणते. पण अकरा वर्षांत कारखान्यात मी एक तुकडाही गिळला नाही. गिळायचं ते घरी, खोलीचं दार लावून. आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपास.

तिथंच मी माती खाल्ली. चव घेणाऱ्यानं सकाळी नीट खाऊन यावं, हा आमचा पहिला नियम. मागच्या सोमवारी मी उपाशी गेले आणि खवट लोण्याचा अख्खा माल 'उत्तम' म्हणून पास केला. भुकेला कोंडा, निजेला धोंडा, दुसरं काय! साहेबांनी सरळ सांगितलं, "आठ दिवसांनी तुमची परीक्षा. चुकलात तर पॅकिंगला जायचं." या देहात मला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती, माझी जीभ. आता तीही चालली होती.

परीक्षेच्या सकाळी ताईनं माझ्यापुढे दोन पाव आणि एक अंडं ठेवलं. उरलेला पाव घेऊन ती नेहमीसारखी कपाटाला कुलूप घालायला निघाली.

"राहू दे टेबलावर," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? आजच्या दिवशी?"

"कुलपात गेला की मला दुसरं काही सुचत नाही गं."

ती धुसफुसत समोर बसली. मला उपास जमतो, फडशा पाडणंही जमतं. मधलं काही आजवर जमलेलं नाही. दोन पाव संपले, अंडं संपलं आणि हात आपसूक तिसऱ्याकडे गेला. ताई बघत होती. स्वतःचा इतका संताप आला की डोळे भरून आले. मग तो पाव हातात धरून मी स्वतःला विचारलं, बाई गं, भूक आहे का? होती, थोडी. अर्धा खाल्ला, अर्धा ताटात ठेवला आणि मागे न बघता चप्पल घातली.

साहेबांच्या खोलीत पाच बश्या मांडलेल्या होत्या. पहिल्या तिन्हींत काही खोट नव्हती. चौथीत साखर लागली, दूध लागलं आणि पार शेवटी, घशाजवळ, जुनाट तेलकट कडूपणा. मी थुंकले. पाचवी ठीक होती.

"चौथी. लोणी खवट आहे."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी चौथ्या बशीखालची चिठ्ठी उलटून वाचली, मान डोलावली आणि पहिली बशी माझ्याकडे सरकवली. "शाबास! आता थुंकायचं नाही. खा निवांत."

"नको, पोट भरलंय," मी म्हणाले.

चारचौघांत हे वाक्य मी जन्मभर बोलत आले होते. खरं आज पहिल्यांदा बोलले.