गारठ्याची तालीम

आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, हे मला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं. तोवर हा माणूस भर डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ करून नुसत्या बनियनवर इथं हैदराबादेत नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात हिंडत असे. मग भूतानात शिकवायला गेलेल्या आमच्या रेणूनं तिकडेच, तिच्याच शाळेतल्या किनले नावाच्या मास्तराशी लग्न केलं, आणि तेव्हापासून ह्यांना हुडहुडी भरायला लागली. लग्नाला चला म्हटलं, तर "तिकडची हवा मला मानवायची नाही." वर्षभरानं म्हटलं, तरी तेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं लेकीवर रुसलोय हे कबूल करता येईना, म्हणून हवा वाकडी.

यंदा मी विचारायच्या भानगडीतच पडले नाही. जानेवारीची दोन तिकिटं काढून आणली. जानेवारीच का, तर तिथल्या शाळांना मोठी सुट्टी ऐन थंडीत असते.

"माझं रद्द कर," हे म्हणाले. "तू जा खुशाल."

मी रद्द केलं नाही. लेकीच्या दारात मी एकटी जाऊन उभी राहिले, तर ती आधी माझ्या मागे बघेल, हे मला ठाऊक होतं. ते मला सोसलं नसतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नुकताच परदेशी फोनचा बूथ निघाला होता. मी आत रेणूशी बोलायची आणि हे बाहेर काचेला पाठ लावून उभे राहायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "काय म्हणते थंडी?" पोटच्या पोरीचं नाव नाही, थंडीची मात्र विचारपूस!

रेणू तयारी सांगायची. पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं ओळखपत्र चालतं. फोटो जवळ ठेव, सरहद्दीच्या गावात परवाना करून मिळतो. एकच जाडा कोट नको, पातळ कपडे एकावर एक घाल. पहिले दोन दिवस चढावर हळू चाल. आणि जेवणाची काळजी नको, इथं मिरची तोंडी लावायला नाही, भाजी म्हणूनच करतात. हे ऐकून तरी ह्यांनी खूश व्हावं! मिरचीशिवाय ह्यांना घास उतरत नाही. पण नाही.

कोठीच्या रस्त्यावर थंडीत पहाडी बायका लोकरीचे कपडे विकायला बसतात. तिथून मी दोघांना स्वेटर आणले आणि ह्यांना एक तांबडा मफलर. ह्यांनी हात लावला नाही. "हैदराबादेत घालून काय कळणार? तिथं गेल्यावर छातीत भरलं म्हणजे?"

"खरं आहे," मी म्हटलं, आणि मुकुंदरावांना निरोप धाडला. मुकुंदराव म्हणजे ह्यांचे गावाकडचे शाळासोबती. चिंचेचे व्यापारी. त्यांची चिंच शहराबाहेरच्या कोल्ड स्टोरेजात असते.

रविवारी थंडीची तालीम म्हणून मी ह्यांना तिथं घेऊन गेले, तेव्हा दारातच आम्हा दोघांना स्वेटर, मफलर, मोज्यांत बघून मुकुंदराव पोट धरून हसले. "काय एकनाथराव, परसोंच चिंच ठेवली आत, आता तुम्हालाबी ठेवू काय?"

"हिची हौस," हे गुरगुरले.

"हौ, चला की मग. हल्लू या, फरशी ओली आहे."

जाड दार मागे लागलं आणि गारठा अंगावर आला. छतापर्यंत पोती, वर घरघरणारे पंखे, आंबट वास. माझी बोटं बधिर झाली. हे पोत्याला टेकून उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो?

"तिथं याहून जास्त असते?" त्यांनी विचारलं.

"रेणू म्हणते, सकाळी नळाचं पाणी गोठतं."

"आणि रात्री?"

"रात्री तर विचारू नका."

"तिचे पाय गार पडले की तिला झोप लागत नाही," हे म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीचं काही काढलं होतं. लहानपणी रेणू थंडीत आपले गार पाय ह्यांच्या पोटाला लावून झोपायची. हे ओरडायचे, पण पाय कधी ढकलायचे नाहीत.

"लागते आता झोप," मी म्हटलं. "किनले रोज गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या पायाशी ठेवतो."

"तो स्वतः?"

"स्वतः. अगदी न चुकता."

ह्यांनी गळ्यातला मफलर सोडला, छातीशी धरून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"अहो, काढता काय? बाहेर जाईपर्यंत तरी राहू द्या!"

"मळेल. नवा आहे तो," हे म्हणाले. "पहिल्यांदा जावयाच्या घरी जायचं, ते काय रिकाम्या हातानं?"

"आणि तुम्हाला?"

"मला कुठं थंडी वाजते?" ते म्हणाले, आणि त्यांचे दात कडकड वाजत होते.