धुराड्यात झुंजलेली खरवडणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही एका अरुंद पत्र्याच्या नळकांड्यात शिरला आहात, अशी कल्पना करा. चारही बाजूंना काळा, चिकट, तेलकट कीट आहे. वर वाटीएवढं आभाळ दिसतं आहे आणि खाली भट्टी आहे. आता सांगा, त्या भट्टीत कुणी काडी लावली तर?

मी एक जुनी खरवडणी आहे. हॉटेलांची धुराडी खरवडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ती काडी मी पाहिलेली आहे.

माझा जन्मच मारातून झाला. आधी मी एका ट्रकच्या पोलादी पाट्यात होते. लळिंगच्या घाटात तो ट्रक कड्यावर आदळला. काचा फुटल्या, फळ्या चिरफळल्या आणि पाटा मधोमध मोडला. त्याचा एक तुकडा धुळ्यात उखर्डू लोहाराकडे आला. त्याने मला लाल होईपर्यंत तापवलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि घण घातले. शेवटी पाण्यात बुडवलं, तेव्हा मी किंचाळलेच.

"वरड, वरड!" उखर्डू हसला. "जितली वरडशी, तितली टिकशी!"

मला हिलाल आणि चिंधा या भावांनी नेलं. पिंपळनेरकडची शेती सोडून दोघे देवपूरला राहायला आले होते. दोघांचा धंदा एक आणि दोन्ही घरांची चूलही एकच. आग्रा रोडवरच्या हॉटेलांत शेवभाजीची तर्री उकळायची, भजी तळली जायची आणि त्या सगळ्या तेलाचा धूर धुराड्यात जाऊन बसायचा. तो काढायला या भावांना बोलावत.

ते काम म्हणजे मारामारीच होती. भट्टी विझवून थंड होऊ द्यायची. मग धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी कीटावर मारायचं आणि तो मऊ होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर माझी पाळी. माझी धार पत्र्यावर करकरायची, कीटाचे लचके खाली पडायचे, हिलालभाऊंच्या बोटांची सालं निघायची. शेवटी तारेचा ब्रश आणि ओलं गोणपाट. हॉटेलवाले पत्र्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "वा! नवं घेतलं की काय?" तेव्हा माझी छाती फुगायची.

चिंधाकाकांना मात्र थांबण्याचा कंटाळा होता. अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात गिरधरशेठच्या हॉटेलात काम निघालं. संध्याकाळी तिथे एक वऱ्हाड जेवायला येणार होतं. "भट्टी चारला पेटली पाहिजे," शेठने बजावलं होतं.

"भाऊ," चिंधाकाका म्हणाले, "वावरमातल्या पऱ्हाट्या आपन पेटाडीच साफ करतस ना? मंग हाई धुराडं काबर नही?"

"वावरवर छप्पर ऱ्हास का रे, येड्या?" हिलालभाऊ म्हणाले आणि मला कमरेला खोचून शिडीवरून छपराच्या पत्र्यावर चढले. मी त्यांच्यासोबत धुराड्याच्या तोंडात उतरले. खांद्यापर्यंत हात आत घालून ते खरवडू लागले.

एका जागी कीट फार जाड होता; त्यावर सोड्याचं पाणी मारून, हात आत ठेवूनच भाऊ थांबले आणि खाली करकर ऐकू येईना. भाऊ मागच्या बाजूने उतरून हापशावर गेले असतील, असं चिंधाकाकांना वाटलं. त्यांनी वर हाक मारली नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भट्टीत कोंबल्या आणि काडी लावली.

मित्रांनो, कीट म्हणजे गोठलेलं तेलच. आधी घरघर ऐकू आली, मग गर्जना. आग धुराड्यातून वाघासारखी झेपावली. हिलालभाऊंची बाही पेटली, कातडी फाटली, ते ओरडत पत्र्यावर कोसळले. खाली आचाऱ्याने घाबरून बादलीभर पाणी ओतलं, तर जळतं तेल उसळून भिंतीवर चढलं.

"पानी नको! पानी नको!" ही हिलालभाऊंची मुलगी, ताई. दहा वर्षांची. शाळेला सुट्टी, म्हणून आबांची, म्हणजे बापाची, भाकर घेऊन ती आली होती. तिने सोड्याच्या पाण्यात भिजलेली गोणपाटं काकांच्या अंगावर फेकली. "काका, तोंड बुज!"

चिंधाकाकांनी ती गोणपाटं धुराड्याच्या खालच्या तोंडात कोंबली. त्यांच्या भुवया जळाल्या, तरी ते हटले नाहीत. वर हिलालभाऊंनी त्याच भाजलेल्या हाताने माझ्या टोकाने धुराड्याच्या वरच्या तोंडाचं झाकण ढकलून बसवलं. दोन्हीकडून वारा बंद झाला. आग आतल्या आत धडका मारत राहिली आणि अखेर गुदमरून मेली.

हिलालभाऊ खाली उतरले. मी त्यांच्या मुठीत चिकटले होते. त्यांनी मला सख्ख्या भावाच्या डोक्यावर उगारलं. चिंधाकाका मान खाली घालून उभे राहिले.

"मार, भाऊ," एवढंच ते म्हणाले.

ताईने आबांच्या कमरेला मिठी मारली. मी खाली पडले. माझ्यासोबत कातडीही आली.

हिलालभाऊंची बोटं वाकडीच राहिली. त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. एकाच्या दोन चुली झाल्या. मी कोपऱ्यात पडले आणि माझ्यावर गंज चढला. चिंधाकाका रोज सकाळी येऊन ओट्यावर बसत. आत या, असं कुणी म्हणत नसे. हॉटेलांची बोलावणी येत आणि तशीच परत जात.

मुलांनो, ज्या हत्याराने तुमची भाकर येते, त्याला गंजू देऊ नका. तेलाच्या आगीवर कधी पाणी ओतू नका. धुराडं भरण्याआधीच साफ करा. आणि माणसांमध्ये साचलेला कीट तर आणखी लवकर काढा. तो पेटला, की लोखंडसुद्धा भाजतं.

दिवाळीच्या आधी ताईने विटेच्या चुऱ्याने मला घासलं आणि तेल लावलं. मग आबांच्या डोळ्यांदेखत ओट्यावर जाऊन तिने मला काकांच्या हातात दिलं.

"आबा सांगतीन," ती म्हणाली. "हात तुना चाली."

हिलालभाऊ उठले. मग त्यांनी पायात चपला घातल्या.

त्या दिवशी चिंधाकाका एका हॉटेलाच्या पत्र्यावर चढले. भाऊ अंगणातून सांगत होते आणि मी खरवडत होते. ताई हॉटेलाच्या स्वयंपाकघरात गेली, भट्टीजवळची काड्यापेटी उचलून तिने परकराच्या ओच्यात बांधली आणि भट्टीकडे पाठ करून दारात उभी राहिली.

"पोरी, काडी दे, चहा ठेवतो," आचारी म्हणाला.

"काका खाले उतरू दे," ताई म्हणाली आणि तिथून हलली नाही.