बुजलेली टाळू

अकोल्यापासून चार कोसांवरच्या त्या गावात गोल डोक्याचं पोर दिसलं की लोक म्हणत, हे मनकर्णेच्या हातचं. सुईणपणात तिची चाळीस वर्षं गेली होती. बाळाच्या टाळूवर रोज तेल जिरवायचं आणि दोन्ही तळव्यांनी डोकं चापून गोल करायचं, हेही तिचंच काम.

महादेवराव पाटलाच्या नातवाला मात्र टाळूच नव्हती. हाडं जन्मतःच सांधलेली, डोकं पपईसारखं लांबट. मनकर्णेनं पहिल्याच दिवशी बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. तेल लावलं, दाबलं नाही. घरात कुरबुर सुरू झाली. म्हातारीचे हात थकले, म्हणे!

त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि तो पाटलाच्या डोक्यात गेला होता. त्यानं थेट मोर्शीहून चंद्रभान डागवाला आणला. टाळूच्या जागी तापल्या विळ्याचा डाग दिला की बुजलेली हाडं उकलतात, ही त्याची विद्या. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला. विळा लाल होऊ लागला. बाळाची आई सुभद्रा तोंडात पदर कोंबून आत रडत होती. सासऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती.

मनकर्णेनं सुभद्रेच्या मांडीवरचं पोर उचललं आणि खोलीच्या उंबऱ्यात बसकण मारली.

"ऊठ वं," पाटील गरजला.

"नाई उठत. चंद्रभान, अशा किती लेकरायले डाग देल्ला तू?"

"लय. गनती नाई," चंद्रभान म्हणाला.

"मंग त्यायची नावं सांग. गावं सांग. आता कशी हायेत ते सांग."

तो हसला. "डाग देल्ला का मी पुढच्या गावाले जातो. मांगं पाहाची सवय नाई मले."

"मले बी नोती," मनकर्णा म्हणाली. "पाटील, माया हातची गोल डोकी सारं गाव सांगते. बाकीची माया तोंडून आयका. आशाबाईची शालू. असंच लांब डोकं. म्या नेटानं दाबलं. पोरगी आंधयी झाली, मंग गेली. अन् खुशालरावचा बारका. त्याले बी टाळू नोती. म्या फडकं आवयून बांधलं. फेफरं आलं त्याले. तुमी म्हनलं, देवीचा कोप. देवीचा नोता. माया हाताचा होता."

खुशालराव, पाटलाचा सख्खा भाऊ, अंगणातच उभा होता. पोर जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि हे तो आज ऐकत होता. तो काठी घेऊन पुढं आला. आता म्हातारीचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. मनकर्णेनं पोराचं डोकं पोटाशी झाकलं, पण जागची हलली नाही.

खुशालराव चंद्रभानकडे वळला. "हिनं माया पोराचं सांगतलं. तू एका तरी जित्या पोराचं सांग."

चंद्रभान विळा परतायला जाळाकडे वळला. खुशालरावानं काठीनं जाळ उधळला, विळा उकिरड्यावर भिरकावला. मग मनकर्णेला म्हणाला, "माया दारात पुन्हा पाय ठेवू नको."

"नाई ठेवत," ती म्हणाली. "पन या डोक्याले कोनं जोर लावाचा नाई. म्या बी नाई."

पाटील भडकला. "मंग या पोराचं कराचं काय? अन् हे हत्यारीन माया घरात ठेवाची?"

तेव्हा सुभद्रा बाहेर आली. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिनं सावरलाही नाही.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "जे आपल्या हातानं मेलेली लेकरं ध्यानात ठेवते, माह्यं लेकरू तिच्याच जवय राहीन."