ताईचं माप

माझं शिवणाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. ताईचे कपडे मीच शिवते, कारण तिच्या मापाचं तयार काही मिळत नाही.

ताई नवव्या वर्षीच वयात आली. एकोणिसाव्या वर्षी पहिलं मूल, मग पाठोपाठ दोन. प्रत्येक वेळी अंग सुटलं ते सुटलंच. "बाळंतपणाचं अंग आहे, ओसरेल," तिच्या सासूबाई म्हणायच्या. पुढे उसवून सैल करता यावं म्हणून मी शिवणीत जादा माया ठेवायची. ताई हसायची, "तुझी सगळी माया माझ्या झग्यातच."

चौथं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. ताई रडलीही नाही. पोट मात्र वाढत राहिलं.

त्यानंतर चार महिन्यांनी, मुलं शाळेत असताना, ती दुपारी माप द्यायला आली. एक टेप पुरेना, म्हणून मी दोन जोडल्या.

"जरा हळू," ती म्हणाली.

"दुखतंय का?"

"नाही गं. आत्ताच झोपलंय."

मला थट्टा वाटली. तेवढ्यात माझ्या बोटांखालची टेप सरकली. ताईनं तर श्वास रोखून धरला होता. आत कुणीतरी सावकाश कूस बदलावी, तसं डावीकडून उजवीकडे काहीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पहिली पाळी कधी, मुलं किती, अंतर किती, गेलेलं कितव्या महिन्यात, सगळं विचारलं. आजवर हे सगळं तिला कुणी विचारलंच नव्हतं. वजन एकशे अडतीस, साखर वाढलेली.

"पाळी लवकर आली, बाळंतपणं लागोपाठ झाली, की वजन असं चढण्याचा धोका जास्त असतो," बाई म्हणाल्या. "खादाड म्हणून स्वतःला बोल लावू नका."

मग सोनोग्राफी झाली. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "गर्भ नाही. पिशवी रिकामी आहे."

"नीट बघा," ताई शांतपणे म्हणाली. "अनोळखी आवाज आला की ते गप्प बसतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. टेपचं मी त्यांना सांगितलं नाही, आजतागायत कुणालाच नाही.

उपचार सुरू झाले. मनाच्या डॉक्टरांकडेही ती जाते. वर्षभरात तीस किलो उतरले. मान दिसू लागली, दंड निम्मे झाले, साखर ताब्यात आली. जिने चढताना आता तिला धाप लागत नाही. पोटाचं माप मात्र अर्ध्या इंचानंही कमी झालं नाही. "होतं असं कुणाकुणाचं," बाई म्हणतात.

परवा ताई नवीन कापड घेऊन आली. माझा झगा शिव, म्हणाली, आणि उरलेल्यातून वर्षभराच्या बाळाचं एक झबलं.

मी कात्री उचलली.

"बाही आखूड ठेवू?"

"लांबच ठेव," ताई म्हणाली. "आत गार लागतं त्याला."