गरम गोळी

सुनेचं पिळलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून मनकर्णाबाईने ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं, वाटी विसळली आणि ते पाणीही तिथंच टाकलं. आत तान्ही रडत होती. डब्याचं दूध चमच्याने पाजलं की अर्धं ओठांवरून मानेत उतरे. पोरीची हाडं हाताला लागू लागली होती.

तिची आई, रिना, भिंतीकडे तोंड करून बसली होती. पदर पुन्हा ओला. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येई, कुणी नुसतं मनगट धरलं तरी निळा डाग उमटे. रक्त थांबवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, फारच उतरल्या होत्या. चंद्रपूरच्या नीलिमा डॉक्टरांनी त्या वाढवायची गोळी दिली होती आणि सांगितलं होतं, "ही दुधातून बाळाला किती जाते, त्याचं काय होतं, हे अजून नीट माहीत नाही. गोळी चालू आहे तोवर अंगावर पाजायचं नाही."

मनकर्णाबाईने विठ्ठलापुढचा दुधाचा पेला उचलून सुनेपुढे धरला.

"घे वं. गरम गोळी हाय. कोरडी घेशीन तं आतून जाळन."

"मामी, तुमचा देव मले वासरू समजते का? किती दूध पाजता!" रिना सासूला मामीच म्हणे.

"पाजतो तं पे. बुवा कीर्तनात काय म्हनले? प्रसादाले नाई म्हनू नये."

"बुवाचं काय जाते," रिना पुटपुटली. तिने गोळी जिभेवर ठेवली आणि पेला रिकामा केला.

दोन दिवसांनी सासूसुना तान्हीला घेऊन नागभीडहून चंद्रपूरला आल्या. रिनाचा नवरा प्रफुल मोहर्लीला जंगल पाहायला येणाऱ्यांची जिप्सी चालवायचा. हंगामात त्याला सुटी नव्हती. मागच्या खेपेला मनकर्णाबाई तान्हीला घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यातच थांबली होती. या वेळी ती आत आली.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

"वाढल्याच नाहीत. रिना, गोळी रोज घेतेस ना?"

"हो."

"कशासोबत? मी बजावलं होतं, गोळीच्या आगेमागे काही तास दूध-दही नको. दुधाने ही गोळी अंगी लागत नाही."

तान्हीला थोपटणारा मनकर्णाबाईचा हात थांबला. तिने सुनेकडे पाहिलं.

"पान्यासंगं घेतो," रिना म्हणाली.

माही चूक झाकून राह्यली पोरगी. मनकर्णाबाईने तान्हीचं टोपरं उगाच सरळ केलं.

"मग ही तुला लागू पडत नाही, असंच म्हणायचं. बंद करू. पण इतक्या कमी पेशींवर घरी नाही पाठवणार. डोक्यात रक्त उतरलं तर वेळ मिळत नाही."

रिनाने मान वर केली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा असा उजळला नव्हता.

"बंद केली तं... तान्हीले पाजता येईन ना?"

मनकर्णाबाईला आधी काहीच कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं. साय पाहिली तरी जिला मळमळायचं, ती सून डॉक्टरांनी बजावलेलं असूनही गेले कितीतरी दिवस तळ दिसेपर्यंत पेला पीत होती.

आईचा आवाज ऐकून तान्ही तिच्याकडे झेपावली. मनकर्णाबाईने तिला घट्ट धरलं.

"डॉक्टरबाई, गोळी बंद करू नका. ते दुधासंगं घेते. मीच देतो, देवापुढचं."

"मामी!"

"तिले काई माहीत नवतं. तुम्ही सांगतलं तवा हे तान्ही रडत असन, आयकू नाई गेलं तिले. माहाच अडानीपना."

मागच्या खेपेला खोलीत रडणारं कुणी नव्हतं, हे डॉक्टरांना आठवलं असावं. त्यांनी रिनाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. कागद ओढला आणि तीच गोळी पुन्हा लिहिली.

"आजपासून इथंच राहायचं. नर्स देईल. पाण्यासोबत."

रिनाने दोन्ही हात पुढे केले.

"मामी, एकडाव पाजू द्या. गोळी चालू कराच्या आंधी. फक्त एकडाव."

मनकर्णाबाई तान्हीला घेऊन उठली आणि व्हरांड्यात गेली. दार तिने पायानेच ओढून घेतलं.