जपून ठेवलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी वयाने, अंगाने अजून कोरी करकरीत. हेच माझे दुःख आहे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले त्या वर्षी रेल्वेत गार्ड असलेल्या तुळशीरामजींनी मला गोलबाजारातून गुढियारीच्या घरी आणले. बुद्धमूर्तीपुढे ठेवून वंदना झाली. त्यांच्या पत्नी शांताबाई विदर्भातल्या पवनीच्या. तिथल्या किल्ल्याच्या दरवाज्यात खेळून वाढलेल्या. घरातल्या कॅलेंडरवर जर्मनीतला एक किल्ला होता, उंच डोंगरावर, खाली नदी. "तिकडले किल्ले मले एकदा पाह्यचे आहेत," एवढा एकच हट्ट शांताबाईंनी आयुष्यात केला. त्यासाठीच माझी खरेदी झाली.

आणि मी गेले लोखंडी कपाटात. मला वाटले, चार-दोन महिन्यांचा प्रश्न. कुठले काय! आधी घराचा वरचा मजला आला, मग मुलगा यशदीपचे लग्न. एकदा शांताबाई मला घेऊन गच्चीवर निघाल्या. "जरा चंद्र पाहू द्या ना." तुळशीरामजींनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले. "काहून घाई करून राहिली? काचेले ओरखडे पडतीन. तिकडं गेल्यावर पाहजो मनभर."

तेव्हा शांताबाईंचे डोळे चांगले होते, मित्रांनो. तो चंद्र मला अजून सलतो.

पुढे मुलगी अपर्णा नोकरीसाठी जर्मनीला गेली. बऱ्याच वर्षांनी तिने दोघांना बोलावले. ऱ्हाईन नदीतून बोट चालली होती आणि दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ल्यामागून किल्ले येत होते. तुळशीरामजी लहान पोट्ट्यासारखे हरखले होते. "धर, पाह्य!" म्हणत त्यांनी मला शांताबाईंच्या हातात दिले. शांताबाईंनी मला डोळ्यांना लावले.

"बुरूज दिसून राहिला का?"

"हव, दिसून राहिला ना. बहुत मोठा आहे. आपल्या पवनीपेक्षा मोठा."

माझ्या काचांवरची काळी झाकणे तशीच होती. कोणी काढलीच नव्हती. मी त्यांना निव्वळ काळोख दाखवत होते.

तुळशीरामजींचे लक्ष झाकणांकडे गेले. ती काढायला पुढे आलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"कधीपासून दिसत नाही तुले?" त्यांनी हळूच विचारले.

"झालं वर्षभर. चालण्यापुरतं अंधुक दिसते. सांगतलं असतं तर तुम्ही इकडं आलेच नसते ना."

पुढचे किल्ले दोघांपैकी कोणीच पाहिले नाहीत.

रायपूरला परतल्यावर समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले.

आता मी टेबलावर उघडीच पडलेली असते. कोणीही उचला, कोणी रागावत नाही. तुळशीरामजी मला हात लावत नाहीत. संध्याकाळी कधी शांताबाई मला मांडीवर घेतात, चाचपून झाकणे काढतात आणि पुन्हा लावून ठेवतात.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण ज्याच्यासाठी आणली त्याच्या हातात आधी द्या. मला फार जपले हो. माझ्या काचांवर आजही एक ओरखडा नाही.